चकचकीत बाजू आत

घरात पंखा बसवणं ही काही लोकांना बोलावून सांगण्यासारखी गोष्ट नाही, हे मला मान्य आहे. लोक धरणं बांधतात. मी पाटबंधारे खात्यात असल्यामुळे धरणं बांधणाऱ्यांच्या फायली तर मी स्वतःच्या हातानं बांधल्या आहेत. पण वारज्याच्या आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत जो एक्झॉस्ट फॅन आहे, तो बसवताना माझा जेवढा पाणउतारा झाला, तेवढा अख्ख्या नोकरीत झाला नाही. पंखा अजून तिथंच आहे. दर दिवाळीला मी तो सोड्याच्या पाण्यानं धुतो, पुसतो, परत लावतो, आणि बटण मात्र दाबत नाही. आमचा आयुष विचारतो, "बाबा, चालवायचा नाही तर धुता कशाला?" आजच्या पोरांना प्रत्येक गोष्टीचा उपयोग लागतो.

पंखा बसवायचं कारण होतं प्रेमलाचा खोकला. प्रेमला म्हणजे माझी बायको. आम्ही मूळचे अकोल्याकडचे, त्यामुळे मिरचीची फोडणी आणि तव्यावरची सुकट यांच्याशिवाय आमच्या घराचं पान हलत नाही. पुण्यात आल्यावर आधी जिथं भाड्यानं राहिलो, तिथल्या मालकीणबाई सुकट तव्यावर पडली रे पडली की जिन्यात येऊन मोठ्यानं विचारायच्या, "कुठं उंदीर मेलाय का हो?" त्यांना चांगलं ठाऊक असायचं काय आहे ते. आमच्या भिंतीवरचे बुद्ध आणि बाबासाहेब त्यांनी पहिल्याच दिवशी दारातून बघून घेतले होते. तेव्हापासून प्रेमला खिडकी घट्ट लावून स्वयंपाक करायला लागली. पुढं वारज्याला स्वतःचा फ्लॅट झाला, मालकीणबाई मागं राहिल्या, पण खिडकी काही उघडेना.

"अगं, इथं तुला कुणी काही म्हटलंय का?" मी विचारायचो.

"म्हणायच्या आधीच लावलेली बरी," ती म्हणायची आणि मग खोकायची.

खोकला वाढत वाढत इतका वाढला, की रात्री तिला झोप लागेना. डॉक्टर पुण्याचे होते. त्यांनी छातीला नळी लावली, स्वयंपाकघराची चौकशी केली आणि म्हणाले, "धूर बाहेर काढा, नाहीतर बाईंना बाहेर काढा. दोघं एका खोलीत राहायचे नाहीत. पुढचा पेशंट!"

झालं. पंखा बसवायचं ठरलं. माझा हिशेब सरळ होता. खिडकी बंद, पंखा चालू, धूर गुपचूप डक्टमध्ये. डक्ट म्हणजे आमच्या इमारतीच्या मधोमध वरून खालपर्यंत गेलेला उभा बोळ, ज्यात सगळ्यांची स्वयंपाकघरं आणि न्हाणीघरं उघडतात. तिथं सांडपाण्याचे पाइप आणि कबुतरं राहतात. कबुतरं काही जिन्यात येऊन उंदराची चौकशी करणार नव्हती.

आयुष तेव्हा नुकताच सॉफ्टवेअरच्या कंपनीत लागला होता. सन दोन हजार उजाडताच जगातले सगळे कॉम्प्युटर गडबडणार आणि ते वाचवायची जबाबदारी आपल्यावर आहे, असं समजून तो घरात वावरत असे. त्यानं कागदावर स्वयंपाकघराची लांबी-रुंदी-उंची मांडली आणि तासाला हवा किती वेळा बदलली पाहिजे हे काढून दाखवलं. "बाबा, बेसिकली हा एअर चेंजेसचा इश्यू आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, बाळा, हा तुझ्या आईचा इश्यू आहे. पण त्याचं ते गणित मी दुसऱ्या दिवशी ऑफिसात नेऊन सगळ्यांना दाखवलं, हेही खरं.

ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर तात्याराव बसत. त्यांनी कागद उलटा धरून वाचला आणि म्हणाले, "नागोराव, गणित राहू दे. आधी भोक पाडून घे."

"पंखा घ्यायच्या आधी?"

"हो. भिंतीला भोक पडलं की माणूस झक मारत पंखा आणतो. आधी पंखा आणला तर तो कपाटावर चढतो आणि तिथंच म्हातारा होतो. माझा झालाय."

सरकारी माणसाला अनुभवाचा मोठा आदर असतो. मी त्याच आठवड्यात मच्छिंद्रला बोलावलं. हा खडकवासल्याच्या अलीकडच्या एका गावातला वायरमन. गवंडीकाम, नळाचं काम, रंगकाम, जे म्हणाल ते त्याला येत असे, म्हणजे तसं तो सांगत असे. "काय बी काळजी करू नगा सायेब, आपला हात हाय," असं म्हणून त्यानं भिंतीवर छिन्नी ठेवली. त्याच्या कमरेला पेजर होता. त्या काळात पेजर म्हणजे काय रुबाब! तो वाजला की मच्छिंद्र हातातलं काम टाकून फोनचं बूथ शोधायला जाई आणि संध्याकाळशिवाय परत येत नसे. माझ्या भिंतीतलं भोक अर्ध्यावर असताना पेजर वाजला. तो गेला, आणि तीन विटा बाहेर डोकावत राहिल्या. पूर्ण झालं तेव्हा त्यातून आयुषचं डोकं आरामात बाहेर जात होतं. ते आयुषनं स्वतः करून दाखवलं.

त्याच संध्याकाळी एक कबूतर त्या भोकातून आत आलं, ओट्यावरून चाललं आणि पिठाच्या डब्यावर जाऊन बसलं. प्रेमलानं माझ्याकडे बघितलं. "धूर बाहेर जाणार होता ना?" एवढंच म्हणाली.

पंखा आणायला मी तपकीर गल्लीत गेलो. दुकानदार पेपर वाचत होता. मी म्हटलं, एक्झॉस्ट फॅन पाहिजे. त्यानं पेपरातून डोकं न काढता विचारलं, "भोक केवढं?" मी दोन्ही हात पसरून दाखवलं, एवढं. त्यानं पेपर खाली ठेवला, माझ्या हातांकडे बघितलं आणि म्हणाला, "मग हे हात इथं ठेवून जा. पंखा त्यांना बसवून बघतो." मी मुकाट्यानं घरी जाऊन दोरीनं माप घेऊन आलो. तरीही पंखा भोकापेक्षा लहानच निघाला, कारण एवढ्या भोकाला फक्त कारखान्याचे पंखे मिळतात. उरलेल्या जागेत मच्छिंद्रनं प्लायवूड ठोकलं.

आता मुख्य मुद्दा. या पंख्याला दोन बाजू होत्या. एका बाजूला काळी, तेलकट, ओबडधोबड मोटर. दुसऱ्या बाजूला रुपेरी पाती, त्यांच्या पुढं चकचकीत गोल जाळी आणि मधोमध कंपनीचं लाल चिन्ह. मच्छिंद्र मोटरची बाजू आमच्याकडे करून पंखा भोकात सरकवू लागला, तेव्हा माझा संताप झाला. आयुष्यभर पै पै साठवून घर घेतलं, त्यात ही वस्तू आणली, आणि तिचा काळा ठोकळा आमच्या पाहुण्यांनी बघायचा? आणि रुपेरी पाती कबुतरांनी?

"चकचकीत बाजू आत घे," मी म्हटलं.

"सायेब, तसा बसवत न्हाईत पण..."

"घर कुणाचं आहे?"

"तुमचंच हाय," असं म्हणून त्यानं पंखा फिरवला. तेवढ्यात पेजर वाजला.

बटण दाबलं. काय सांगू! भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं, ओट्यावरची कोथिंबीर उडाली, आयुषचे केस मागं गेले. मला भरून आलं. पाहुणे आले की मी त्यांना पाणी द्यायच्या आधी स्वयंपाकघरात नेऊन पंखा दाखवत असे.

प्रेमला मात्र घुटमळत होती. "अहो, मी आज लसूण सोललेला नाही. मग घरात लसणाची फोडणी कुठून आली?"

"ताकद बघ त्याची," मी म्हणालो. "लांबचासुद्धा वास ओढतो."

"ओढतो खरं," ती म्हणाली. "आत ओढतो."

आयुषनं पंख्यासमोर उदबत्ती धरली. तिचा धूर सरळ आमच्या तोंडावर आला. "बाबा, इनपुट आणि आउटपुट उलटं झालंय," तो म्हणाला. मी म्हटलं, मच्छिंद्रला बोलाव, चूक त्याची आहे. पण पेजरवर निरोप टाकून टाकून आम्ही थकलो. पाषाण, हडपसर, कात्रज, जिथं जिथं नव्या इमारती उठत होत्या, तिथं तिथं तो एकाच वेळी भोकं पाडत होता. पुणं तेव्हा असं झपाट्यानं वाढत होतं.

म्हणून पंखा उलटाच राहिला, आणि आमच्या इमारतीतल्या समस्त स्वयंपाकघरांची हवा आमच्या घरात यायला लागली. कुणाकडे मेथी, कुणाकडे काल रात्रीच्या भाताची फोडणी, कुणी तूप कढवतंय, सगळं प्रेमलाला ओट्यापाशी उभ्या उभ्या कळे. तिचं नाक मुळातच तिखट. थोड्याच दिवसांत ती मजला आणि घर ओळखायला लागली. "खालच्या हिंमतरावांकडे पाहुणे आलेत वाटतं, बासुंदी आटवतायत," असं ती म्हणे, आणि खरंच दारात चपलांचा ढीग असे. स्वतःची फोडणी टाकायच्या वेळी मात्र ती पंखा बंद करी, त्यावर पुठ्ठा लावी, खिडकीची कडी तपासून बघे आणि मग आत कोंडलेल्या धुरात उभी राहून खोके. म्हणजे पंखा आला आणि खोकला होता तिथंच राहिला.

एका सकाळी ती पोळ्या लाटता लाटता थबकली, पंख्याकडे गेली आणि पात्यांमधून जोरात ओरडली, "सुशीलाबाई, दूध!"

वर धावपळ ऐकू आली. भांडं आपटलं. मग शांतता.

सुशीलाबाई आमच्या डोक्यावर राहायच्या. शाळेत मास्तरीण होत्या, निवृत्त झालेल्या, एकट्या. दूध गॅसवर ठेवायचं आणि बाहेर शब्दकोडं सोडवत बसायचं, हा त्यांचा नेम. दुपारी त्या खाली आल्या. आमच्या घरात येण्याची त्यांची ती पहिलीच वेळ. "माझं दूध तुम्हाला खालून दिसलं कसं?" त्यांनी तपासणी केल्यासारखं विचारलं.

"दिसलं नाही. साय करपल्याचा वास आला," प्रेमला घाबरत म्हणाली.

"हं," त्या म्हणाल्या. "उद्यापण लक्ष ठेवा." आभार मानायची त्यांच्याकडे पद्धत नव्हती. पण जाताना त्यांनी प्रेमलाच्या हातची चहाची कपबशी रिकामी करून, विसळून पालथी ठेवली.

मग ते रोजचंच झालं. "सुशीलाबाई, दूध!" "तिसऱ्या मजल्यावर कुणाची तरी डाळ लागतेय हो!" "हिंमतराव, कढई उतरवा!" डक्टमधून वरून-खालून उत्तरं यायला लागली. "बघते गं!" "उतरवली वहिनी!" मी आंघोळीला बसलो की मला अख्ख्या इमारतीचा जेवणाचा बेत ऐकू येई. आता त्या डक्टमध्ये एसीचे डबे लटकतात आणि कुणाचं काय करपलं याचा कुणाला पत्ता नसतो. सुशीलाबाई जाऊनही बरीच वर्षं झाली. सकाळी दूध तापायला ठेवलं की मला अजून त्यांच्या चपलांची धावपळ ऐकू यावीशी वाटते.

शेवटी मच्छिंद्र उगवला. पंखा फिरवून देतो म्हणाला. तो शिडी घेऊन जिन्यात शिरतो न शिरतो तोच हिंमतराव आडवे आले. हे सोसायटीचे सेक्रेटरी. नोकरी संपल्यापासून सोसायटी हेच त्यांचं खातं होतं.

"नागोराव, डक्ट सामाईक आहे. त्यात हवा सोडायची तर मंजुरी लागेल."

"पण पंखा तर लावून झालाय!"

"आज तो हवा आत घेतोय. त्याला आमची हरकत नव्हती. बाहेर सोडणं हा वेगळा विषय आहे. बैठकीपुढे ठेवू."

ही भाषा माझी होती हो! मी ऑफिसात रोज हीच बोलत होतो. पण स्वतःच्या जिन्यात, शिडी धरून उभं असताना ती ऐकायला फार वाईट लागते.

बैठक शनिवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये, स्कूटरींच्या मधल्या जागेत भरली. मी भाषण तयार केलं होतं. त्यात राज्यघटना होती, सहकार कायदा होता आणि डॉक्टर होते. हिंमतराव उठले, खाकरले आणि म्हणाले, "पंखा सरळ झाल्यावर तो बाहेर हवा फेकणार. आता प्रश्न असा आहे, की... म्हणजे नेमकं काय काय फेकणार?"

सगळे आपापल्या स्कूटरींकडे बघायला लागले. माझ्या कानशिलाला आग लागली. मालकीणबाईंचा जिना मला पुन्हा डोळ्यांपुढे दिसला. मी भाषणाचा कागद काढायला खिशात हात घातला, तेवढ्यात शेजारून प्रेमला उभी राहिली. ती कधी चारचौघांत बोलत नसे.

"सुकट," ती म्हणाली. "कधी बोंबील. रविवारी मटण. रोजची मिरची. आजवर खिडकी लावून करत आलेय, म्हणून हा खोकला." आणि बोलता बोलता तिला खरंच ठसका लागला. आयुष तिला पाणी आणायला पळाला.

हिंमतरावांचा चेहरा पडला. "नाही हो वहिनी, माझा रोख तसा नव्हता. मी तेलकट वाफेबद्दल... भिंतीचा रंग..."

"हिंमतराव, तुमच्याकडची वाफ काय गुलाबपाण्याची असते का?" मागून सुशीलाबाईंचा आवाज आला. "बसा खाली. माझा मात्र पंखा सरळ करायला विरोध आहे."

मी थक्क झालो. "बाई, तुमचा?"

"हो. उलटा आहे म्हणून माझं दूध वाचतंय. सरळ केलात की प्रेमलाला वास कसा कळणार? त्याआधी करपलेली पातेली घासून घासून माझे हात गेले होते. पंखा आहे तसा ठेवा, असा ठराव मी मांडते."

आणि काय सांगू, टाळ्या पडल्या! तिसऱ्या मजल्यावरच्यांनी अनुमोदन दिलं, हिंमतरावांनी सुटकेचा श्वास टाकून ते लिहून घेतलं. माझा पंखा कायमचा उलटा ठेवावा, असा ठराव एकमतानं मंजूर झाला. राज्यघटना माझ्या खिशातच राहिली. लोकांना माझ्या बायकोचं नाक हवं होतं आणि तिच्या धुराचं काय करायचं ते कुणीच बोललं नव्हतं. मी चिडून जिना चढत होतो. मागून प्रेमला सावकाश येत होती.

"उद्या फ्लॅट विकायला काढतो," मी म्हणालो.

"काही नको. उद्या सुट्टी आहे ना तुम्हाला? सुकट आणा."

"आणि?"

"आणि खिडकी उघडून द्या. माझ्यानं कडी निघत नाही."

कडी खरंच निघत नव्हती. इतकी वर्षं न उघडलेली, वरून दोनदा रंग दिलेली. मी हातोडी घेऊन बसलो. तासभर ठोकल्यावर खिडकी एकदम उघडली आणि मी ओट्यावर पालथा पडलो. डक्टमधली कबुतरं फडफडत वर गेली. आयुष म्हणाला, "बाबा, एअर चेंजेस!" मी त्याला बाहेर जायला सांगितलं.

प्रेमलानं पंखा बंद केला. तवा ठेवला, कांदा टाकला, मिरची टाकली आणि मग सुकट. वास उठला तो माझ्या आजोळच्या अंगणातला, काय म्हणू त्याला! धूर सरळ वर गेला आणि खिडकीतून बाहेर पडला. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली. मी बाहेरच्या खोलीत पेपर उघडून बसलो, पण एक अक्षर वाचत नव्हतो. मला डक्ट ऐकू येत होता. वर कुणीतरी भांडी घासत होतं ते थांबलं. खाली नळ बंद झाला. कुठली तरी खिडकी करकरली, उघडली की लावली ते कळलं नाही. त्या शांततेत मला आमचं सगळं घर, फोटो, कपाट, पोराची नोकरी, एकदम डळमळीत वाटायला लागलं. प्रेमला खिडकीच्या गजाला हात लावून उभी होती. ती खोकत नव्हती. ती ऐकत होती. तव्याकडे तिची पाठ होती.

आणि खालून हिंमतरावांचा दणदणीत आवाज आला, "वहिनी! अहो वहिनी! तुमचं करपतंय! गॅस बारीक करा!"

ती दचकून वळली आणि घाईघाईनं गॅस कमी केला. "केला हो, केला!" ती खिडकीतून ओरडली. मग पदरानं डोळे पुसत माझ्याकडे वळली.

"धूर गेला डोळ्यांत," ती म्हणाली.

धूर केव्हाच बाहेर गेला होता.